जवसाच्या तेलातला एअर फिल्टर

आपल्या गाडीचा नंबर सगळ्यांना पाठ असतो. हॉर्न कुठे आहे हे तर आपल्याकडे कुणाला सांगावंच लागत नाही. पण एअर फिल्टर कुठे असतो असं विचारलं, की बहुतेक जण पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवतात. जे स्वतःला जाणकार समजतात ते सायलेन्सरकडे दाखवतात. प्रत्यक्षात तो सीटखाली किंवा बाजूच्या झाकणाआड एका काळ्या डब्यात बसलेला असतो आणि जन्मभर कुणाच्या नजरेस पडत नाही. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत माझं गॅरेज आहे, आणि त्या गल्लीत मला लोक फिल्टरवाले भाऊ म्हणून ओळखतात. कारण गाडी कशासाठीही आली तरी मी आधी तो डबा उघडतो. गिऱ्हाईक ओरडतं, "भाऊ, ब्रेक! ब्रेक लागून नाही राहिला!" मी म्हणतो, "हाव, ब्रेकही पाहतो."

ही सवय अकोल्याची. तिथे डाळ मिलांच्या वस्तीतल्या एका गॅरेजात मी काम शिकलो. आमचे उस्ताद बाळापूरचे, गफूर उस्ताद. मिलांमधून तुरीच्या फोलपटांची बारीक धूळ दिवसभर उडायची. गाडी जरा वेळ उभी राहिली तर सीटवर बोटाने नाव लिहिता यायचं. कापसाच्या दिवसांत त्यात जिनिंगमधली रुई मिसळायची आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची पावडर. ही पावडर इतकी मऊ असते, की चेहऱ्याला लावली तर चालून जाईल. इंजिनात गेली तर मात्र पॉलिश पेपरचं काम करते. उस्ताद प्रत्येक गाडीपुढे उकिडवे बसून म्हणायचे, "पहले इसकी नाक देख." नाक म्हणजे एअर फिल्टर.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते, आणि ती पेट्रोलच्या कितीतरी पट लागते. गाडी पेट्रोल किती पिते याची सगळे चौकशी करतात, कारण ते विकत घ्यावं लागतं. हवा फुकट, म्हणून तिचं कुणी विचारत नाही. फिल्टर धुळीने गच्च झाला की हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो, प्लग काजळतो आणि गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते. याच्या उलट, फिल्टर फाटका असेल किंवा नसेलच, तर गाडी काही दिवस फार छान पळते. एका गृहस्थांनी "मोकळी पळते" म्हणून फिल्टर काढूनच टाकला होता. ते सगळ्यांना तसा सल्लाही देत असत. पुढच्या उन्हाळ्यात धुळीने सिलिंडर असा घासला गेला, की गाडीमागे पांढऱ्या धुराचा पडदाच चालू लागला. तेव्हापासून ते सल्ला देत नाहीत, पण फिल्टर काढण्याची कल्पना आपली नव्हती असं सांगतात.

फिल्टर कागदाचा असेल तर तो धूत नाहीत. आतून बाहेरच्या दिशेने हलकी हवा मारायची, आणि तेलकट कागदाचा असेल तर तेही नाही, सरळ बदलायचा. तरीही लोक तो साबणाच्या पाण्यात भिजवून दोरीवर वाळत घालतात. जुन्या गाड्यांना स्पंज असतो. तो खरा सेवा करून घेणारा. साबणाच्या कोमट पाण्यात मुठीत दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही. पिळला की फाटतो. सावलीत पूर्ण वाळवायचा. मग इंजिन ऑइल लावून पुन्हा दाबायचा, म्हणजे जास्तीचं तेल निघून जातं आणि स्पंज नुसता ओलसर चिकट राहतो. धूळ त्या चिकटपणात अडकते. सगळं रहस्य त्या ओलसरपणात आहे. काम सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच ते कुणी करत नाही.

मध्यंतरी एका संघटनेने माझा सत्कार केला. मानपत्रात मला "दुचाकींच्या श्वासाचा शिल्पकार" म्हटलं होतं. प्रमुख पाहुणे स्वच्छ हवेवर फार तळमळून बोलले. त्यांच्या भाषणभर त्यांची मोटार मंडपाबाहेर चालूच होती, कारण परत जाताना ती आतून थंड हवी होती. तिच्या धुराच्या दिशेलाच आमची, म्हणजे सत्कारमूर्तींची, रांग बसवलेली होती. शाल मी नाकाला धरली. लोकांना वाटलं, मी गहिवरलो.

तर, महादेवराव आणि गिरजाबाई यांची गोष्ट.

नावं बदलली आहेत. हे माळी जोडपं मोर्शी रस्त्यावरच्या एका गावात शेवंती, झेंडू आणि थोडा भाजीपाला करतं. पहाटे तोडलेली फुलं गाठोड्यात बांधून महादेवराव मोटारसायकलवर लादत, गिरजाबाई मागे बसत, आणि दोघं उजाडायच्या आत अमरावतीच्या फूलबाजारात हजर होत. गाडी जुनी, स्पंजवाली. महादेवराव सत्तरी ओलांडलेले, पण गाडीचं सगळं स्वतः करणारे. माझ्याकडे ते फक्त हट्ट हरला की येत.

एक दिवस सकाळी मी दुकान झाडत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, प्रकाशचा, पुण्याहून फोन आला.

"काका, बाबा आज गाडी घेऊन येतील. रस्त्यात बंद पडून राहिली म्हणे. तुम्ही एक काम करा. इंजिन गेलं म्हणून सांगा."

"तू पाहिलं का इंजिन?"

"इंजिनचं काय घेऊन बसले काका! बाबांचं वय पाहा. अंधारात हायवेनं येतात, मागे आई बसलेली. ट्रक कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मी बोललो की फोन आईकडे देतात. डॉक्टरचंही ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"माझं कायले ऐकतील?"

"मेकॅनिकचं ऐकतात ते. तुम्ही म्हटलं गाडी संपली, तर संपली. मग मी दोघांना इकडे घेऊन येतो."

मी "पाहतो" म्हणालो. आमच्या धंद्यात हा फार कामाचा शब्द आहे. त्यात होकारही नसतो आणि नकारही.

थोड्या वेळाने गाडी आली ती टेम्पोत. फुलं बाजारात टाकून तोच टेम्पो इकडे वळवला होता. महादेवराव डोक्याचा रुमाल सोडत उतरले. त्यांच्या मागून गिरजाबाई पिशवी सांभाळत उतरल्या.

"काय झालं, महादेवराव?"

"दमून राहिली, भाऊ. मूठ पिळली का बोंबलते, पन पुढं जात नाही. धूर तं असा काळा, का मागचे लोक शिव्या देऊन राहिले."

"मले देतेत त्या," गिरजाबाई म्हणाल्या. "मागं मीच बसतो न."

मी बाजूचं झाकण काढलं, डबा उघडला आणि स्पंज धरून ओढला. तो येईना. कडा स्क्रूड्रायव्हरने सोडवून बाहेर काढला, तर हातात आलेली वस्तू स्पंज नव्हती. ज्वारीच्या वाळलेल्या पापडासारखं काहीतरी होतं. बोटाने दाबलं तर कोपरा तडकला. त्याला एक वास होता, अगदी ओळखीचा, पण गॅरेजातला नाही, स्वयंपाकघरातला.

"हे कोणतं तेल लावलं?"

"घरचं!" महादेवरावांनी छाती पुढे काढली. "घानीवरचं जवस. एका थेंबाची भेसळ नाही. तुमच्या त्या डब्यातल्या ऑइलचा काय भरोसा? कंपनी कोनाची, तेल कोनाचं. हे आमच्या वावरातलं हाय."

आमच्या भागात घरच्या तेलावर माणसाचा जितका विश्वास असतो तितका सख्ख्या भावावर नसतो. पण जवसाच्या तेलाचा धर्म वेगळा आहे. ते उघड्या हवेत वाळतं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. म्हणून तर ते रंगात घालतात, लाकडाला लावतात. इंजिनाच्या उबेत आणि वऱ्हाडच्या उन्हात त्या स्पंजाची हजार छिद्रं एकेक करून बुजली होती. तेल शुद्ध असल्यामुळे वाळलंही अगदी शुद्धपणे होतं.

मी प्लग काढला, काजळीने काळाकुट्ट. किक मारून दाब पाहिला. इंजिन ठणठणीत. बिचाऱ्याला फक्त श्वास मिळत नव्हता. प्रकाशने सांगितलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं, पण बाहेर पडेना.

"होते न दुरुस्त?" महादेवरावांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "नाही तं पोरगा मले पुण्याले नेते, भाऊ. राह्यलो मी तिथं. वरच्या मजल्यावरचा मानूस खालच्याले ओळखत नाही. सकाळी उठून काय करू मी तिथं? गॅलरीत कुंड्या हायेत त्यायच्या. कुंड्या!"

कुंडी या शब्दाचा इतका तिरस्कार मी आधी कधी ऐकला नव्हता. वावरभर शेवंती पिकवणाऱ्या माणसाला तो शोभत होता.

ते टेम्पोवाल्याबरोबर चहाला गेले. गिरजाबाई गेल्या नाहीत. उलट्या क्रेटवर बसून राहिल्या.

"भाऊ, होते का गाडी?"

"होते. नवा स्पंज टाकला का झालं."

"अस्सं."

त्या "अस्सं"मध्ये आनंद नव्हता. मला तो सूर वेगळा लागला, म्हणून विचारलं, "गिरजाबाई, जवस लावायचं कोणी सुचवलं?"

"म्या."

"तुम्हाले माहीत नव्हतं, ते वाळते म्हणून?"

"माहीत कसं नाही? माह्या बापानं जिंदगीभर बैलगाडीच्या जुवाले अन् दाराले जवसच लावलं. चार दिस उन्हात ठेवलं का काचेवानी होते."

मी पाना खाली ठेवला.

"ऑइलचा डबा सरला होता," त्या म्हणाल्या. "त्याईनं विचारलं, आता काय लावू? म्या म्हनलं, घरचं शुद्ध लावा. त्याईले शुद्ध म्हनलं का पुरते."

"पण काहून?"

"त्याईले दिसत नाही, भाऊ. सकाळच्या अंधारात तं काहीच नाही. समोरून लाइट आला का डोळे बारीक करून अंदाजानं चालवतेत. डोळ्याचं नाव काढलं का जेवन सोडतेत. म्हनतेत, तुले भेव वाटते तं उतर. कशी उतरू? मी उतरली तं ते एकटे जातील न." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "बनवू नका गाडी. कायी बी सांगा. मले मराचं भेव नाही, पन असं रोज सकाळी मराले बसाचा कंटाळा आला."

एकाच सकाळी दोन माणसांनी मला एक चांगलं इंजिन मेलं म्हणून सांगायला सुचवलं होतं, आणि दोघांचीही कारणं खोडून काढण्यासारखी नव्हती. खोटं बोलणं मला जमत नाही असा माझा दावा नाही. "संध्याकाळी देतो" हे वाक्य मी अनेक वर्षं रोज म्हणत आलोय. पण हे खोटं टिकणारं नव्हतं. महादेवरावांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली असती, तिथे कुणीतरी नवा स्पंज टाकून ती चालू केली असती, आणि मग त्यांनी माझं तर नाहीच, पण कुणाचंच ऐकलं नसतं. खरं सांगावं, तर उद्या पहाटे दोघं पुन्हा हायवेवर.

मी नवा स्पंज ऑइलमध्ये बुडवला, दाबला, डब्यात बसवला, कडेला ग्रीसचं बोट फिरवलं. प्लग घासला. गाडी पहिल्या किकला लागली आणि तिचा आवाज इतका स्वच्छ आला, की गिरजाबाईंनी तोंड फिरवलं.

महादेवराव चहावरून धावत आले म्हटलं तरी चालेल.

"चला, ट्रायल घेऊ," मी म्हणालो. "तुमी चालवा, मी मागं बसतो."

हीसुद्धा उस्तादांचीच पद्धत. बहुतेक मेकॅनिक स्वतः गाडी फिरवून आणतात. उस्ताद मालकाला चालवायला लावून मागे बसायचे. त्यांचं म्हणणं, निम्मा बिघाड चालवणाऱ्याच्या हातात असतो. कुणी क्लच दाबूनच चालवतो, कुणी ब्रेकवर पाय ठेवूनच. मागे बसल्याशिवाय ते कळत नाही. त्या दिवशी मला हातापेक्षा डोळे पाहायचे होते. उस्तादांनी इतकं शिकवलं नव्हतं, पण पद्धत तीच चालली.

भर दिवसाची वेळ होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ट्यूशनवाल्यांच्या स्कूटी लागलेल्या. महादेवरावांनी गाडी झोकात काढली. पिकअप मिळाल्यामुळे ते खुशीत होते. "पाह्य, पाह्य, कशी उचलते!" असं ओरडून सांगत होते. गतिरोधक आला. त्यांनी वेग जराही कमी केला नाही. मी सीटवरून वर उडालो आणि परत सीटवरच पडलो, हे नशीब. शॉकॲब्सॉर्बर चांगले आहेत एवढं कळलं.

पुढे डाव्या अंगाला संत्र्यांची हातगाडी उभी होती. लपलेली नव्हती, भगव्या संत्र्यांचा ढीग उन्हात चमकत होता. आम्ही सरळ तिच्याकडे निघालो होतो. मला वाटलं, आता वळवतील. मग वाटलं, आता तरी वळवतील.

"हातगाडी!" मी ओरडलो.

त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरत जाऊन हातगाडीच्या चाकाला लागली. जोर नव्हता, पण ढीग ढासळला आणि संत्री रस्ताभर गडगडली.

"दिसत नाही का बे, बुढ्या!" हातगाडीवाला ओरडला.

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मागे वळून माझ्यावरच उखडले. "काहून ठोकलं नाही तुमी?"

"काय ठोकलं नाही?"

"खांद्यावर! मंगाशी बी नाही ठोकलं. मागं बसले कायले मंग?"

"खांद्यावर काय ठोकायचं, महादेवराव?"

"डाव्या खांद्यावर मारलं का गतिरोधक नाही तं खड्डा. उजव्यावर मारलं का गाडी. दोन्हीवर मारलं का थांबाचं. मागं बसनाऱ्यानं एवढं बी..."

ते थांबले. वाक्य त्यांच्याच कानावर पडलं असावं. हातगाडीवाल्याचं तोंड चालूच होतं. मी गाडी स्टँडवर लावली आणि संत्री वेचायला लागलो. महादेवरावही वाकले. त्यांचा हात जमिनीवरून फिरत होता, रात्री वीज गेल्यावर आपण काडेपेटी शोधतो तसा. एक संत्रं त्यांच्या पायाशीच होतं. ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. हातगाडीवाल्याने ते पाहिलं आणि त्याचा आवाज हळूहळू बंद झाला. "राहू द्या बाबा," तो म्हणाला. "मी उचलतो."

आम्ही बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"कधीपासून मारतात त्या खांद्यावर?" मी विचारलं.

"आधी तं रागानंच मारे," ते म्हणाले. "हळू चालवा म्हनून. मंग मले बी बरं पडाले लागलं." बराच वेळ ते रुमालाची गाठ सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, "म्हंजे लायसन माह्या नावावर अन् गाडी चालवे बायको."

जवसाचं मी सांगितलं नाही.

"इंजिन कसं हाय, भाऊ? खरं सांगा."

"इंजिन चांगलं आहे. अजून बरीच वर्षं जाईल."

"हाव," ते म्हणाले. "मले बी तसंच वाटलं." आणि चावी माझ्या हातात दिली. "तुमी चालवा आता."

आम्ही परत आलो तेव्हा गिरजाबाई गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मी पुढे आणि नवरा मागे बसलेला पाहून त्या दोन पावलं पुढे आल्या आणि तिथेच थांबल्या. महादेवराव उतरले. बायकोकडे न पाहता, रस्त्याकडे तोंड करून म्हणाले,

"अवं, तो डोळ्याचा दवाखाना कोनता म्हनत होती तू?"

"लय वेळा म्हनली मी."

"मंग अजून एक वेळा म्हन."

त्या दुपारी मी प्रकाशला फोन केला. इंजिन चांगलं आहे म्हटल्यावर तो चिडला. "काका, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलं ते मी केलं नाही. गाडी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. तुझे बाबा डोळे दाखवायला चालले. रजा काढून ये."

मग त्याने विचारलं, "बाबा स्वतः चालले?"

"आईनं पत्ता सांगितला. पण विचारला त्यांनी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टरांनी एक डोळा आधी केला, तो बरा झाल्यावर दुसरा. प्रकाश दोन्ही वेळेला आला आणि पुण्याला नेण्याचा विषय त्याने काढला नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. फुलं टेम्पोने जाऊ लागली. टेम्पोवाला रोज गावात येतोच, असा शोध सगळ्यांना एकदम लागला. गाडी माझ्याकडे कापडाखाली उभी होती. अधूनमधून मी ती चालू करून ठेवत असे. आत्ता लिहिताना लक्षात येतं, की अशा गाड्याही थोड्या राहिल्या आहेत. नव्या गाड्यांचा फिल्टर कागदाचा, बदलायचा आणि फेकायचा. विजेवरच्या स्कूटरला तर श्वासच लागत नाही. त्या चांगल्या आहेत, धूर करत नाहीत. पण उघडून पाहावं असं त्यांच्यात काही नसतं. असलं तरी ते मला कळत नाही, हेही खरं.

जवसाची गोष्ट मी महादेवरावांना कधी सांगितली नाही. ती आता छापली जातेय. ते दिवाळी अंक वाचत नाहीत या भरवशावर मी लिहायला बसलो. मात्र त्यांचे डोळे आता चांगले झाले असल्याने कसलीच खात्री देता येत नाही.

गाडी न्यायला ते आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गिरजाबाई बरोबर होत्या. महादेवरावांनी आधी फिल्टर उघडायला लावला, स्पंज बोटाने दाबून पाहिला आणि "मऊ हाय" म्हणाले. मग रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत राहिले.

"एवढ्या गाड्या असतेत इथं?"

"आधीपासून असतेत," गिरजाबाई म्हणाल्या.

त्यांनी किक मारली. गिरजाबाई सवयीने मागे बसल्या.

"उतर," महादेवराव म्हणाले.

"काहून?"

"आधी मी एकटा पाहतो. चौकापासून फिरून येतो."

त्या उतरल्या. मी मागे बसतो म्हणालो, तर त्यांनी हाताने नको केलं आणि निघाले. गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आम्ही दोघं तिथे पाहत उभे राहिलो. चौक लांब नाही. जाऊन यायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ गेला, मग आणखी गेला.

"तुमी मागं बसाचं होतं न, भाऊ."

"नको म्हणाले ते."

"त्याईचं काय ऐकता! गेले कुठं?"

मी एका गाडीचा नट सैल करायला घेतला आणि चुकीचा पाना लावला. गिरजाबाई रस्त्यात इतक्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, की एका स्कूटीवाल्याने हॉर्न मारून त्यांना बाजूला केलं. तिकडून एक मोटारसायकल आली, ती दुसऱ्याची होती. मग आणखी एक, तीही दुसऱ्याची.

मग ते आले. सावकाश, डाव्या बाजूने, गतिरोधकावर गाडी अलगद उचलून ठेवल्यासारखी काढत. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. आमच्यापाशी येऊन त्यांनी पाय टेकवला.

"एवढा वेळ?" गिरजाबाईंचा आवाज चढला होता.

"चौकात सिग्नल लाल होता."

"अन् थांबले तुमी?"

"थांबलो न. मागचे लोक हॉर्न वाजवून राहिले होते. तरी थांबलो. हिरवा झाला तवाच निघालो."

त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग पदर कमरेला खोचला, मागे बसल्या आणि दोन्ही हातांनी मांडीवरची पिशवी धरली.